पानावरचं बोट

बस सिग्नलला थांबली होती आणि ती मोबाइलवर एका कादंबरीचं परीक्षण वाचत होती, तेव्हा ते झालं. झालं म्हणजे तसं काहीच झालं नाही. शेजारची बाई पिशवीत काहीतरी शोधत होती ती शोधतच राहिली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून कुणाला तरी झापलं. परीक्षण जुनं होतं, तीन ताऱ्यांचं. त्यात लिहिलं होतं : ‘या गोष्टीतला दुष्ट नवरा बायकोच्या हातातलं पुस्तक हिसकावून घेतो आणि खिडकीबाहेर भिरकावतो. लेखिकाबाईंनी नवरा जवळून पाहिलेला दिसत नाही. हिसकावणारा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. खरा नवरा मागून हळूच येतो, आपण वाचत असतो त्याच ओळीवर बोट ठेवतो आणि लाडानं विचारतो, “इथपर्यंत आलीस?” आणि आपण हसेपर्यंत बोट उचलत नाही.’ तिनं ते एकदा वाचलं, परत वाचलं. बस सुटली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास धरून ठेवला आहे. कारण कालच, रविवारी दुपारी, तिच्याच घरी, ती खिडकीशी वाचत बसलेली असताना तो मागून आला होता. पावलं वाजली नव्हती. स्वच्छ कापलेल्या नखाचं एक बोट वरून उतरलं आणि ओळीवर टेकलं. “इथपर्यंत आलीस?” तो म्हणाला होता. ती हसली होती. हसल्यावर बोट उचललं गेलं होतं. पुढच्या आठवड्यात ती त्याच्याशी लग्न करणार होती.

प्रेमकथा निवडायची तिची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीचा तिला अभिमान होता, जरी हा अभिमान कुणापुढे मिरवायची सोय नव्हती. कानाच्या दवाखान्यात चाळिशी उलटलेली तंत्रज्ञ प्रेमकथा वाचते हे कळलं असतं, तर डॉक्टरीणबाईंनी दिवसभर चिडवून जीव नकोसा केला असता. म्हणून पुस्तकाला कव्हर घातलेलं. पाच ताऱ्यांची परीक्षणं ती वाचतच नसे. ‘रडून रडून उशी भिजली’ असं लिहिणाऱ्यांच्या उश्या कशानंही भिजतात. एका ताऱ्याचीही नाही. ती माणसं पार्सल उशिरा आलं म्हणून चिडलेली असतात आणि राग काढतात बिचाऱ्या नायिकेवर. खरा माल मधे असतो. तीन तारे देणारा माणूस पुस्तकावर वैतागलेला असतो, पण त्यानं ते शेवटपर्यंत वाचलेलं असतं. त्याची तक्रार नीट वाचायची. ‘नायक फारच कमी बोलतो’ असं कुणी कुरकुरलं, की ती पुस्तक तिथल्या तिथे मागवून टाकी. ‘अर्धं पुस्तक झालं तरी दोघं हातालासुद्धा हात लावत नाहीत’ – मागवलं. दुसऱ्याच्या तक्रारीत आपलं सुख सापडतं हा शोध तिनं एकटीनं लावला होता, आणि तो क्वचितच फसे. आणि सगळ्या तीन ताऱ्यांच्या माणसांत तिचं एक माणूस ठरलेलं होतं. ते स्वतःला ‘कोपऱ्यातली खुर्ची’ म्हणवून घेई. बाई असणार हे उघड होतं. भांडखोर, हजरजबाबी, भलत्या बारीक नजरेची. नायकाच्या घाऱ्या डोळ्यांवर एक अवाक्षर नाही, पण तो वेटरशी कसा बोलतो यावर सबंध परिच्छेद. खुर्चीच्या जिवावर तिनं कितीतरी हिवाळे काढले होते. मग खुर्ची लिहायची थांबली. असं होतं, माणसं कंटाळतात, त्यांना मुलं होतात, डोळे बिघडतात. तिनं काही दिवस वाट पाहिली आणि मग जुनीच परीक्षणं परत काढून, पूर्वी राहून गेलेली पुस्तकं शोधायला लागली. तशीच आज शोधत होती.

तिचा थांबा आला आणि गेला. ती उतरली नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आली. रस्ता रोजचाच होता. चपलांचं दुकान, औषधांचं दुकान, बंद पडलेलं टपाल कार्यालय. पण ती प्रत्येक दुकानाच्या काचेत आधी स्वतःच्या मागे बघत होती. वेडी आहेस का, तिनं स्वतःला दटावलं. पानावर बोट ठेवणारा जगात एकच पुरुष असतो की काय? लाडात येण्याच्या तऱ्हा असतात तरी किती? सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच. घरी येऊन तिनं चहा टाकला आणि तो उकळून अर्धा होईपर्यंत खुर्चीची परीक्षणं अगदी पहिल्यापासून, तारखांच्या क्रमानं वाचत गेली. तसं तिनं कधी वाचलं नव्हतं. पुस्तक हवं असेल तेव्हा एखादं, हवं तसं. क्रमानं वाचल्यावर ते भलतंच काहीतरी झालं. सुरुवातीची लांबलचक, तिखट. मधली आखूड. कुठल्याशा कादंबरीतल्या रुसव्याबद्दल लिहिलं होतं, ‘नायिका जेवत नाही म्हणून नायकही जेवत नाही. वाचायला गोड. रोज समोर कुणी ताट सरकवून उपाशी बसलं, की मग माणूस मुकाट्यानं जेवायला लागतं, भूक असो नसो.’ आणखी एका ठिकाणी, ‘याला सगळं ऐकू येतं असं लिहायला हवं होतं. शेजारच्या खोलीत पान उलटलं तरी.’ त्यानंतर तारे वाढायला लागले. तीनाचे चार झाले, चाराचे पाच. वाक्यं गळत गेली. वेटर गेला, रुसवे गेले, विनोद तर केव्हाच गेला होता. शेवटच्या परीक्षणाला पाच तारे होते आणि दोन शब्द. ‘छान आहे.’ त्याच्या आधीचंही तेच. त्याच्या आधीचंही. ज्या बाईनं आयुष्यात कुठल्या पुस्तकाला पुरते पाच तारे दिले नव्हते, तिच्या नावासमोर आता सोनेरी ताऱ्यांच्या रांगा होत्या. शेवटची तारीख तिच्या होणाऱ्या नवऱ्याची पहिली बायको वारली त्याच्या जरा आधीची होती. चहाचं भांडं करपलं.

बायकोबद्दल तो कमी बोले, आणि बोले ते चांगलंच बोले. “खचत गेली गं,” एवढंच म्हणाला होता, “डॉक्टरांनाही कळलं नाही कशानं.” हे सांगताना त्यानं तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी नीट केली होती आणि तिला भरून आलं होतं. त्यांची ओळखही तशी गमतीचीच. तो विमा कंपनीत होता. आग लागलेली, पाणी शिरलेली घरं बघून नुकसान किती ते ठरवायचं हे त्याचं काम. दवाखान्यात आला तो ऐकू कमी येतं म्हणून नव्हे, जास्त येतं म्हणून. तिनं त्याला आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडून एकेक सूर सोडायला लागली. तो अगदी तळाचे, माणसाच्या कानाला लागू नयेत इतके बारीक सूरसुद्धा टिपत गेला, एकदाही चुकला नाही. शेवटी तर सूर सोडण्याआधी तिचा हात उचलला जातोय हेही त्याला कळत असावं असं तिला वाटलं होतं. “तुमचे कान फारच चांगले आहेत,” ती म्हणाली होती. “हो,” तो म्हणाला होता, “बायकोही म्हणायची.” तेव्हा ते तिला केविलवाणं वाटलं होतं. आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं म्हणणं इतकं नीट ऐकतंय याचं सुख काही थोडंथोडकं नसतं. तिनं न सांगता त्याला कळायचं, तिला थंडी वाजते ते, डोकं दुखतं ते. दवाखान्यातून निघताना कुणाशी बोलत थांबली होती तेही. कसं कळतं, म्हणून ती कौतुकानं हसायची.

दुसऱ्या दिवशी कामावर तिचं लक्ष नव्हतं. बंद खोलीत एक आजोबा बसले होते, सून बाहेर बाकावर. तिनं सूर सोडला, आजोबांनी बटण दाबलं. सूर सोडला नाही, तरी दाबलं. असे बरेच असतात. ते खोटं बोलत नसतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून त्यांना खरोखरच ऐकू येतं. काचेपलीकडे कुणी आपल्या तोंडाकडे आशेनं बघतंय म्हटल्यावर शांततेतूनही त्यांना शिट्टी ऐकू येते. आपलंही तसंच होतंय का? नसलेला सूर आपण ऐकतोय? की इतके महिने वाजणारा सूर आपल्याला ऐकूच आला नाही? तपासणीत या दोन्ही चुका कागदावर वेगवेगळ्या दिसतात. स्वतःच्या बाबतीत कुठून दिसणार! आजोबा तिच्याकडे बघून हसत होते, सगळं बरोबर आलं ना, अशा नजरेनं. तिनं मान हलवली आणि तिला एकदम भीती वाटली. त्या काचेच्या आतल्या बाजूला बसून, हातात बटण घेऊन, आपण जन्मभर दाबत राहणार असं काहीसं. दुपारी तिनं जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला. ताई मोठी बहीण, हे लग्न जमवण्यात तिचाच पुढाकार. त्याच्या ऑफिसात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत चौकशी करून आली होती आणि प्रत्येकानं त्याला डोक्यावर घेतलं होतं.

“पानावर बोट ठेवतो?” ताई म्हणाली. “मग?”

“आणि मी हसेपर्यंत उचलत नाही.”

“मग हस की! हसायला काय पैसे पडतात? अगं, तुझे भावोजी माझ्या पुस्तकावर चहाचा कप ठेवतात. मी काय करावं म्हणतेस, काडीमोड घेऊ?”

“ताई, त्याच्या बायकोनं लिहून ठेवलंय.”

“कुठं लिहून ठेवलंय? तिची सही आहे खाली? अगं, कुणीतरी कुठंतरी कादंबरीबद्दल काहीतरी खरडलंय, आणि तू… मारतो का तुला? पितो का? संशय घेतो?”

“नाही.”

“ओरडतो?”

“नाही गं. तो कधीच ओरडत नाही.”

“झालं तर,” ताई म्हणाली, आणि मग आवाज मऊ करून, “घाबरलीस. होतं असं. इतकी वर्षं एकटी राहिलीस, आता कुणी जवळ आलं की टोचणारच. इकडं सगळे नुसते त्याचे गोडवे गातायत. एक माणूस सापडला नाही बघ वाईट बोलणारा.”

तेच तर, ती म्हणणार होती. पण ताईनं फोन ठेवला होता. एक माणूस सापडला नाही. एखाद्या पुस्तकाला सरसकट पाच तारे दिसले असते, तर ती त्याच्या वाटेलाही गेली नसती.

शनिवारी दुपारी तो आला. त्यानं दार वाजवलं आणि उत्तराआधीच दार ढकललं. दार उघडं होतं, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. हातात फळांची पिशवी. “खोकलीस वाटतं, जिन्यात ऐकू आलं,” तो म्हणाला. तिनं कप मांडले. तिनं ठरवलं होतं साधं विचारायचं, सहज, काचेपलीकडून सूर सोडावा तितक्या अलगद. ऊन भिंतीवर आलं होतं. खालच्या मजल्यावर कुणी नळाखाली भांडी घासत होतं. तो फळं धुऊन, पुसून, कापून मांडत होता, तिला आवडतात तशी, सालं काढून. खरं तर तिला सालासकट आवडत. हे आपण त्याला कधी सांगितलं होतं का, तिला आठवेना.

“तुमची बायको वाचायची का हो?” तिनं विचारलं.

सुरी थांबली नाही. “वाचायची ना. तुझ्यासारखंच. प्रेमकथा.” तो हसला. “आधी फार. मग कमी होत गेलं. मी म्हणायचो, कशाला दुसऱ्यांची प्रेमं वाचत बसतेस, आपलं आहे की.”

“कुठे बसायची वाचायला?”

“खिडकीजवळच्या कोपऱ्यात खुर्ची होती एक. वेताची. काढून टाकली मी, पाठ धरायची तिची त्यात.” त्यानं फोड तिच्यापुढे केली. तिनं घेतली. “का विचारतेस?”

“सहज.”

“सहज नाही,” तो प्रेमानं म्हणाला. “सोमवारपासून तुझा आवाज बदललाय. थोडा वर गेलाय. वाचलंस वाटतं तिचं.” खाली भांडं पडल्याचा आवाज झाला, तो त्यानं मान कलती करून पुरता ऐकून घेतला. “छान लिहायची गं,” तो पुढे म्हणाला, “पण फार कडू. लोकांना लागायचं. मी समजावलं तिला, इतक्या कष्टानं कुणी पुस्तक लिहितं, त्याला नावं कशाला ठेवायची? शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा. मग मीच लिहून द्यायचो. ती सांगायची, मी लिहायचो.”

“काय सांगायची?”

“छान आहे, म्हणायची.”

तिनं फोड तशीच बशीत ठेवली. तिच्या मनात आलं, की ही बाई आपल्याला अगदी जवळची होती. आपण तिला कधी पाहिलं नाही, तरी तिच्या तक्रारींवर आपण वर्षानुवर्षं सुखात राहिलो, आणि ती हळूहळू नाहीशी होत होती तेव्हा आपण तिकडे पुस्तकं मागवत होतो. रडू फुटेल असं वाटलं. रडू आलं नाही, राग आला, आणि रागाच्या भरात ती बोलून गेली, “मला हे लग्न करायचं नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

ती थांबली. त्यानं सालं गोळा केली, बशीत ठेवली, ओटा पुसला.

“मी खरंच सांगतेय.”

“मला कळलं. ऐकू येतं मला.” तो ओलं फडकं झटकून दांडीवर नीट पसरवत होता, कोपऱ्याला कोपरा लावून. “दमली आहेस तू. कामावर त्या म्हाताऱ्यांबरोबर दिवसभर बसतेस. लग्नाची नोंदणी झाली की ते काम सुटेलच. ताईशी बोललोय मी, त्यांनाही पटलंय.”

“कधी बोललात?”

“तुमचं फोनवर बोलणं झाल्यावर. काळजी वाटली त्यांना, म्हणून त्यांनीच केला.” तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती, हे सगळ्यात वाईट. ढोंग असतं तर तिला पकडता आलं असतं. “आरडाओरडा करायचा असला तर कर हो. मी नाही काही मनावर घेणार. बस अशी, मी पाणी देतो.”

आणि ती बसणार होती. गुडघे वाकायलाही लागले होते. मग तिला काय झालं कुणास ठाऊक, ती तशीच वळली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडून जिना उतरायला लागली. कठड्याचा लोखंडी गारवा हाताला लागत होता. मागून हाक आली नाही, पावलं आली नाहीत. रस्त्यावर आल्यावर उजेडानं डोळे दिपले. तिनं मोबाइल घेतला नव्हता, पैसे घेतले नव्हते, स्वतःच्याच घरातून ती पाहुण्यासारखी निघून आली होती. असू दे. बसथांबा समोर दिसत होता, बाकावर दोन माणसं होती, त्यांच्या शेजारी जागा होती. तिथं जाऊन बसायचं, बस आली की चढायचं, पुढचं पुढं. छातीत काहीतरी मोकळं झालं. किती सोपं होतं! खालची शेजारीण दारात भांडी सुकायला ठेवत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

“थांब,” वरच्या खिडकीतून तो म्हणाला. ओरडला नाही, तो कधीच ओरडत नसे. शेजारच्या खोलीत बोलावं तसं म्हणाला, आणि तरी ते सबंध रस्त्यावर ऐकू आलं. “गार वारा आहे. स्वेटर विसरलीस.”

तिचे पाय थांबले. तिनं त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं. चला, ती मनात म्हणाली, चला रे, थोडंच तर राहिलंय. पण ते जमिनीला चिकटल्यासारखे राहिले. जिन्यावर चपला वाजायला लागल्या, एकेक पायरी, सावकाश, आज मुद्दाम ऐकू येईल अशा. बाकावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं आणि पुन्हा आपापल्या बोलण्याला लागली. काय बघणार? एक गृहस्थ स्वेटर घेऊन खाली येत होते. शेजारीण म्हणाली, “किती जपतात हो तुम्हाला!” तिनं तिच्याकडे बघितलं, सांगायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की सांगण्यासारखं काहीच नाही. त्यानं मारलं नव्हतं, हिसकावलं नव्हतं, अडवलंही नव्हतं. वळणावरून बस येताना दिसली. ती थांब्याला लागली, दार उघडलं, कंडक्टरनं बाहेर डोकावून हिच्याकडे बघितलं. तो आता समोर आला होता. त्यानं स्वेटर उलगडून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला, बाह्या सरळ करून, आणि थांबला. त्याला कसलीच घाई नव्हती.

“यायचंय का?” कंडक्टरनं विचारलं.

ती हसली. मग तिनं एक हात बाहीत घातला, आणि तो बाहेर निघाल्यावर दुसरा.